कुशीवर झोपलं की खुबा ठणकतो?
जिना चढताना किंवा त्या कुशीवर निजल्यावर खुब्याच्या बाहेरच्या हाडापाशी, अगदी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखतं का? मग बहुधा नितंबांच्या स्नायूंना तिथल्या हाडाशी जोडणारे कंडरे (चिवट पट्टे) दुखावले असावेत; कधीकधी तिथली बर्सा, म्हणजे हाडावरची द्रवाची छोटी पिशवी, सुजलेली असते. सांधाच झिजला असेल तर सहसा जांघेत दुखतं. रात्री दुसऱ्या कुशीवर वळा आणि गुडघ्यांमध्ये जाड उशी घ्या. माझ्या मते हा उपाय आधी. आपण इंदूरकर सराफ्यात भुट्ट्याचा कीस खात एकाच पायावर भार टाकून कितीतरी वेळ उभे असतो, ते टाळा. कापडात गुंडाळलेल्या बर्फाने 10-15 मिनिटं शेका. ठणका ओसरला की फिजिओथेरपिस्टकडून नितंबांचे व्यायाम शिकून घ्या. ते स्नायू कमजोर राहिले तर दुखणं पुन्हा उलटतं. ताप आला, खुबा लाल-गरम झाला किंवा पडल्यावर पाय टेकवेना, तर लगेच डॉक्टर गाठा.