होळीच्या आधी बोअरचं पाणी मोजा

उन्हाळी भेंडीचं बी आणून ठेवलं असेल तर पिशवी अजून फोडू नका. आधी बोअरचं पाणी मोजा. दिवाळीत मोजलं होतं, गेल्या वर्षी मोजलं होतं, शेजाऱ्याने मोजलं आहे, यातलं काहीही चालणार नाही. आज, या आठवड्यात, तुमच्याच बोअरचं.

दर फाल्गुनात हेच लिहितो आणि वैशाखात तेच बघतो: पादरा तालुक्याच्या खालच्या अंगाला, करजणच्या काळ्या जमिनीत, जंबुसरकडे जाताना दुतर्फा करपलेले भाजीचे प्लॉट. रोग नसतो, कीडही नसते. मीठ असतं.

आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत अनेकांचं असं आहे की राहणं दांडिया बाजारात नाहीतर रावपुऱ्यात, वाडवडिलांची जमीन पंचवीस-तीस किलोमीटरवर आणि शेत भागियाच्या, म्हणजे वाट्याने कसणाऱ्याच्या, हाती. भागिया फोनवर सांगतो, "साहेब, पाणी सहेज भांभरुं छे," म्हणजे जरासं मचूळ आहे. आपण बरं म्हणतो आणि बियाण्याचे पैसे पाठवतो. त्या 'सहेज'मध्ये किती मीठ आहे हे कुणी विचारत नाही. पीक बुडतं ते इथेच.

हिशेब करून बघा. एका एकराला दोन इंच पाणी दिलं की साधारण २ लाख लिटर पाणी जातं. क्षार मोजणाऱ्या टीडीएस पेनवर २००० (पीपीएम) आकडा आला तर लिटरमागे दोन ग्रॅम क्षार. म्हणजे एका पाळीत ४०० किलो, पन्नास किलोच्या आठ गोण्या मीठ तुम्ही स्वतःच्या हाताने वावरात ओतलं. पाणी उन्हाने उडून जातं, मीठ कुठेच जात नाही. उन्हाळी भेंडीला दहा-बारा पाळ्या लागतात, पुढचा गुणाकार घरी करा.

गेल्या उन्हाळ्यात मावसभावाच्या दीड एकर भेंडीत गेलो होतो. वरंब्याच्या माथ्यावर पांढरी पोपडी धरली होती. नखाने उचलून जिभेवर ठेवली तर खारट आणि मागून कडू. पानांच्या कडा भाजलेल्या पापडासारख्या तपकिरी, मधला भाग मात्र हिरवागार. त्याच बोअरचा आकडा दिवाळीत ९०० होता, एप्रिलमध्ये २६५० निघाला. मधल्या काळात दुकानदाराने त्याला ह्युमिकची बाटली दिली, सूक्ष्म अन्नद्रव्यं दिली, मग १९:१९:१९ची विद्राव्य खतं, शेवटी पाइपवर बसवायचं लोहचुंबकाचं यंत्र. पाणी मोजलं का, हे एकदाही विचारलं नाही. खतंही क्षारच असतात. खाऱ्या पाण्यात दर आठवड्याला खत सोडणं म्हणजे तहानलेल्याला मीठ चाटवणं. भेंडी उपटून गुरांना घालावी लागली.

चुंबकाबद्दल एवढंच करा. विकणाऱ्यासमोर यंत्राच्या आधीचं आणि नंतरचं पाणी दोन पेल्यांत घ्या, पेन बुडवा. आकडा तोच येईल.

मोजायचं कसं ते नीट वाचा. पंप अर्धा तास चालू द्या, पाइपात साचलेलं पाणी निघून जाऊ द्या. प्लास्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, बूच घट्ट लावा. शेताचं नाव, बोअरची खोली, तारीख चिठ्ठीवर लिहा. औषधाची किंवा खताची जुनी बाटली नको. शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. कृषी विज्ञान केंद्रात विचारा, आणंदचं कृषी विद्यापीठही आपल्याला काही लांब नाही. अहवाल येईपर्यंत काही शे रुपयांचं टीडीएस पेन चालतं. नळाच्या गोड्या पाण्यात एकदा बुडवून ते शुद्धीवर आहे ना बघा आणि दर पंधरा दिवसांनी आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहा. एका आकड्यावर विसंबू नका, तो चढतोय का ते बघा.

जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मर्यादा अशा: ४५०च्या आत काळजी नाही. ४५० ते २००० जपून वापरा. २०००च्या वर गंभीर. अहवालात ईसी (पाण्याची विद्युतवाहकता, डेसिसायमन प्रति मीटर) लिहिलेला असेल तर हेच आकडे ०.७ आणि ३ असे वाचा.

माझा स्वतःचा अंदाज याहून कडक आहे. फेब्रुवारीत १२०० दाखवणारं बोअर आपल्या पट्ट्यात मे महिन्यात १२००वर राहत नाही. म्हणून फेब्रुवारीत १२००च्या पुढे असाल तर भेंडी, मिरची, कांदा, गाजर, फरसबी, मूग यांचा विचार सोडा. ही सगळी मिठाला नाजूक पिकं. आणखी एक खूण, पुस्तकात नसलेली: म्हैस हौदाला तोंड लावून मान मागे घेते तेव्हा तिचं ऐका.

मग लावायचं काय? गवार. भाजीपाल्यात मीठ सोसण्यात तिचा हात धरणारं पीक क्वचितच असेल, आणि उन्हाळ्यात बाजारात ती विकली जाते. त्याखाली चवळी, चाऱ्यासाठी ज्वारी, बाजरी. पुढच्या हंगामासाठी कापूस आणि गहू हे दोघेही बऱ्यापैकी सोशिक. भरूचला कर्नालच्या क्षारजमीन संस्थेचं केंद्र आहे, तिथे खाऱ्या काळ्या जमिनीतल्या देशी कापसाची माहिती मिळते. आणि भाल भागातला भालिया गहू विसरू नका. तो आपले पूर्वज जमिनीतल्या ओलीवरच काढत आले, वरून पाणी न देता.

आता अनेकजण विचारतात, दहेजला समुद्राचं पाणी गोडं करतात, मग आपल्या शेतावर छोटं यंत्र का नको? दहेजचा प्रकल्प दिवसाला १० कोटी लिटरचा आहे, पण ते पाणी कारखान्यांसाठी आहे. समुद्राचं १००० लिटर पाणी गोडं करायला तीन ते चार युनिट वीज लागते. एका एकर गव्हाला हंगामात साधारण १६ लाख लिटर पाणी लागतं. तीनच युनिट धरली तरी ४८०० युनिट झाली, यंत्राची किंमत आणि मीठ गाळणारे पडदे बदलण्याचा खर्च वेगळाच. क्विंटलच्या भावात हे बसवून दाखवा. बोअरच्या मचूळ पाण्याला वीज कमी लागते हे खरं. पण चार लिटर ओढले की साधारण एक लिटर चौपट खारं पाणी बाजूला पडतं, आणि ते सोडणार कुठे? मागच्या नाल्यात सोडलं की दोन पावसाळ्यांत तुमच्याच विहिरीत परत येतं. रोपवाटिकेपुरतं, गुरांच्या पिण्यापुरतं असं यंत्र घ्या, माझी हरकत नाही. उघड्या वावरासाठी कर्ज काढून घेऊ नका.

दुसरा सल्ला मिळतो तो बोअर आणखी शंभर फूट खाली नेण्याचा. फूटमागे पैसे घेणारा हा सल्ला देणारच. किनाऱ्याकडे गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी एक फूट उतरली की खालचं खारं पाणी चाळीस फुटांपर्यंत वर सरकू शकतं, हे भूजलाचं जुनं गणित आहे. मही नदीच्या मुखाकडे आणि खंभातच्या आखाताच्या बाजूला ज्यांची शेती आहे त्यांनी खोल जाणं म्हणजे मिठाला आमंत्रण. उलट पंप लहान ठेवा, थांबून थांबून चालवा.

मचूळ पाणीच वापरावं लागणार असेल तर:

– कॅनॉलचं पाणी मिळत असेल तर ते पेरणीआधी आणि उगवणीला वापरा. बोअरचं पाणी रोप मोठं झाल्यावर.
– बी वरंब्याच्या माथ्यावर टोकू नका, मीठ तिथेच जमतं. बगलेत, ओलीच्या रेषेजवळ टोका.
– पाणी संध्याकाळी. तुषार सिंचन बंद, पानावर खारं पाणी पडू देऊ नका.
– अधूनमधून पिकाच्या गरजेपेक्षा १५-२० टक्के जास्त पाणी द्या, म्हणजे मीठ मुळांखाली उतरतं. निचरा नसलेल्या जागी हे करू नका.
– पोटॅश द्यायचं तर म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश.
– जिप्सम सरसकट नको. अहवालात आरएससी (पाण्यातला उरलेला सोडियम कार्बोनेट) २.५च्या वर असेल तरच. वरच्या प्रत्येक १ आकड्याला १० लाख लिटर पाण्यामागे शुद्ध जिप्सम ८६ किलो. नुसत्या खाऱ्या पाण्यावर जिप्समचा उपयोग नाही, दुकानदार काहीही म्हणो.

बाकी हंगामी कामं:

– उन्हाळी बाजरी: मार्चच्या मध्यापर्यंत पेरणी संपवा, हेक्टरी ४ किलो बी.
– मूग: फक्त गोडं पाणी असेल तर. हेक्टरी २० किलो, ३० × १० सेंमी.
– गहू: दाणा भरताना पाणी चुकवू नका, वारा असताना देऊ नका.
– तूर, एरंडी: पूर्ण वाळवूनच पोत्यात.
– भाजी: पिवळे चिकट सापळे लावा; तुडतुडे, पांढरी माशी दिसताच ५ टक्के निंबोळी अर्क, फवारणीचं पाणीही गोडंच.

पावसाळ्याची तयारीही आत्ताच. एका एकरावर एक इंच पाऊस म्हणजे सुमारे १ लाख लिटर पाणी. सयाजीराव महाराजांनी शहरासाठी आजव्याला तलाव बांधून पाऊस अडवला, आपण निदान बांधाच्या कोपऱ्यात तळं आणि जुन्या विहिरीत गाळून सोडलेलं पाणी एवढं करू शकतो. खणायचं काम मे संपायच्या आत उरका, काळी जमीन भिजली की यंत्र आत जात नाही.

आणि ठिबकवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. उन्हाळाभर मीठ ओलीच्या कडेला गोल साचलेलं असतं. जूनची पहिली हलकी सर ते मीठ आत, थेट मुळांवर ढकलते आणि उन्हाळा सोसलेलं पीक पावसात मरतं. पहिली सर आली की आनंदाने ठिबक बंद करू नका. चांगला, जमिनीत मुरणारा पाऊस होईपर्यंत ते चालूच ठेवा, आणि हे भागियाला आजच सांगून ठेवा, कारण ढग आले की तो सगळ्यात आधी पंपाची कळच बंद करतो.