परगावी, सोलापुरात, चाळीस माणसांचं डोहाळजेवण कसं करायचं

ताईची बदली सोलापूरला झालेली, सातवा महिना लागलेला आणि डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलेलं, त्यामुळे डोहाळजेवण तिच्याकडेच करायचं ठरलं, आणि आम्ही पडलो सगळे नाशिककर. तुमच्यावर अशी वेळ आली तर घरून स्वयंपाक बांधून नेऊ नका. ओटीचं सामान आणि आईच्या हातचा एक टिकाऊ पदार्थ, एवढंच न्या, बाकी सगळं सोलापुरात मिळतं आणि छान मिळतं. मागे एका बारशाला आम्ही डबे भरभरून बटाट्याची भाजी नेली होती, पोचून झाकण उघडलं तर आंबलेली, तो वास अजून आठवतो.

आधी तारीख बघा. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, शहर भरलेलं असतं. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरची गर्दी, नवरात्रात आणि कोजागिरीला तुळजापूरची (कोजागिरीला तर लोक सोलापुरातून चालत निघतात, त्या रस्त्याच्या गाड्या दुसरीकडून वळवतात), शिवाय अक्कलकोट जवळच. या दिवसांत लॉज मिळणं अवघड, म्हणून खोल्या आधी बुक करा, मग बाकीचं. आणि उन्हाळा असेल तर दुपारचा कार्यक्रम ठेवूच नका, पारा चाळिशीच्या वर जातो, पोटुशी बाई नटून बसणार कशी? संध्याकाळी सहाला गच्चीवर करा, झोपाळा तिथेच सजवा.

आता जेवण. आम्ही ज्या केटररला आधी फोन केला त्याची अट किमान शंभर ताटांची होती, चाळीस माणसांसाठी ती कशाला घ्यायची? मग ताईच्या शेजारच्या काकूंनी मार्ग दाखवला: भाकरी आणि शेंगापोळी बचत गटाच्या बायकांकडून, भात-आमटीला एक स्वयंपाकाच्या मावशी घरीच बोलवायच्या. भाकरीची ऑर्डर द्यायला गेले तर पहिला प्रश्न आला, "मऊ का कडक?" मी कडक सांगितल्या. ज्वारीची ही भाकरी पापडासारखी पातळ असते, कोरडी ठेवली की बरेच दिवस टिकते, त्यामुळे दोन दिवस आधीच आणून ठेवता येते आणि कार्यक्रमाच्या दिवशी तव्यापाशी कुणी अडकून पडत नाही. तिचा कुरकुरीत तुकडा मोडून गरम आमटीत बुडवायचा, कडा मऊ पडते आणि मधला भाग अजून वाजतो, तेवढ्यात तोंडात टाकायचा.

आमचा अंदाज असा होता: कडक भाकरी ५०, शेंगापोळी ६०, तांदूळ साडेतीन किलो, तूरडाळ पावणेदोन किलो, दही ४ किलो, शेंगाचटणी अर्धा किलो. चटणी उखळात कुटलेली घ्या, तेल सुटलेली असते आणि हाताला दाणा लागतो, मिक्सरच्या भुकटीला ती चव नाही. तिखट मात्र वेगळ्या वाटीत ठेवा, ताईला झेपेल तेवढंच तिने घ्यावं. भात-आमटी पाहुणे यायच्या तासभर आधीच चुलीवरून उतरेल असं मावशींना सांगा, दुपारी करून ठेवलेलं नको.

पाण्याचं लक्षात ठेवा, शहरात नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याचा दिवस कुठला ते घरमालकांना विचारा, पिंप भरून ठेवा आणि प्यायला वीस लिटरचे चार जार सांगा, हात धुवायचं पाणी वेगळं.

फुलांचे दागिने आदल्या दिवशी सांगितले की होतात, फक्त मोगरा हवा की शेवंती ते आणि मनगटाचं माप नक्की द्या. हिरवी साडी, खण, नारळ, गहू मात्र घरूनच आणा, पेढा-बर्फीच्या वाट्याही. आईने गुळाच्या साटोऱ्या आणल्या होत्या. ताईने पहिला घास त्याचाच घेतला आणि रडायलाच लागली, घरापासून लांब बाळंतपणाची भीती तिने तोवर कुणाला बोलून दाखवली नव्हती. त्यामुळे जेवणाआधी अर्धा तास आई-लेकीला एका खोलीत नुसतं बसू द्या, तो वेळ कार्यक्रमात धरूनच चला.

उरलेल्या कडक भाकऱ्या वर्तमानपत्रात गुंडाळून परतीच्या गाडीत ठेवा, सोबत चटणीची पुडी. टेंभुर्णीच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा आमच्या त्या संपल्यासुद्धा होत्या.