पुतळ्याचं तोंड कायम उघडं असतं

जीडीएच्या, म्हणजे पेशंट सांभाळणाऱ्या जनरल ड्युटी असिस्टंटच्या कोर्सला आम्हाला तोंडाची स्वच्छता शिकवली ती प्लास्टिकच्या पुतळ्यावर, अर्ध्या तासात. पुतळ्याचं तोंड कायम उघडं. ब्रश घाला, फिरवा, काढा, झालं. पुढच्याच आठवड्यात घरोघरी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोने मला पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका आजींकडे पाठवलं. आठ ते आठ ड्युटी, पेशंट डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, वय ८३. पहिल्या सकाळी मी 'आजी, आ करा' म्हणत ब्रश तोंडाशी नेला. त्यांनी ओठ घट्ट मिटले. मी हनुवटी धरली. त्यांनी माझं बोट चावलं, आणि चांगलंच चावलं.

चूक माझी होती हे कळायला पंधरा दिवस गेले. आता या कामात नऊ वर्षं झाली. नवीन मुलं-मुली फोन करतात, डायपर विचारतात, बेडसोर विचारतात, इन्सुलिन विचारतात. दातांचं कुणी विचारत नाही. रजिस्टरमध्ये 'ओरल केअर' समोर टिक मारली की विषय संपला. खोट्या टिका मीही मारल्यात, पहिल्या महिन्यात.

आजींचं सांगते. त्या वाड्यात वाढलेल्या. मोरीशी उकिडवं बसायचं, तळहातावर काळं दंतमंजन घ्यायचं आणि बोटाने दात घासायचे, हीच त्यांची सवय. फ्लॅटमधलं बेसिन आणि पुदिन्याची झणझणीत पेस्ट त्यांच्या डोक्यातून पुसली गेली होती. त्यात बेसिनवरच्या आरशातून कुणीतरी म्हातारी बाई त्यांच्याकडे टक लावून बघायची. 'ही कोण आलीय गं?' असं त्या रोज विचारायच्या आणि मला वाटायचं, माझ्याबद्दलच चाललंय.

एके दिवशी मी आरशावर पंचा टाकला. बेसिन सोडून मोरीशी स्टूल ठेवलं, तांब्यात कोमट पाणी घेतलं आणि त्यांच्या तळहातावर वाटाण्याएवढी पेस्ट ठेवली. बोलले काहीच नाही. आजींनी तळहाताकडे पाहिलं आणि बोट आपोआप तोंडात गेलं. आधी डावीकडे, मग उजवीकडे, शेवटी जिभेवर. त्या थांबल्यावर मी त्यांच्या हातात ब्रश दिला, वरून माझा हात ठेवला आणि त्यांनी सुरू केलेलं पुढे चालू ठेवलं. मंजन का नाही दिलं, असं त्यांच्या सुनेनेही विचारलं होतं. म्हातारपणी हिरड्या खाली सरकून मुळं उघडी पडतात, खरखरीत पुडीने ती झिजतात. शिवाय दात किडायचे थांबवायचे तर फ्लोराइड लागतं, ते फ्लोराइडवाल्या पेस्टमधून मिळतं.

म्हणून नव्या घरी गेलात की पहिल्या दिवशी ब्रश शोधू नका. मुलाला, सुनेला विचारा: हे आधी दात कशाने घासायचे? चहाच्या आधी की नंतर? उभ्याने की बसून? कुणी कडुनिंबाची काडी सांगेल, कुणी मशेरी. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, ती मागितली तरी देऊ नका. पण जिने वर्षानुवर्षं मशेरी लावली तिच्या गालाच्या आत, जिभेखाली नीट बघा. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर घरच्यांना सांगून डॉक्टरांकडे न्यायला लावा.

बाकीची रीत थोडक्यात. समोरून जा, मागून नको. शक्य तर स्वतःही खाली बसा, म्हणजे डोळ्यांत डोळे येतात. एका वेळी एकच गोष्ट सांगा, 'धरा', मग 'घासा'. हात रिकामा राहिला की तो तुमचं मनगट पकडतो, म्हणून त्यांच्या हातात एक जादा ब्रश द्या. ब्रश लहान मुलांचा, मऊ केसांचा. दातांच्या मध्ये बोट कधीच घालू नका, चावणं बऱ्याचदा रागाने नसतं, आपोआप होतं. गालाच्या आतून दुसऱ्या ब्रशची दांडी हलकेच लावली की जागा मिळते. नाही म्हणाले तर सोडा, वीस मिनिटांनी नव्याने या. रात्रीचं ब्रशिंग दिवेलागणीवर ढकलू नका, बऱ्याच पेशंटची चिडचिड त्याच वेळी वाढते.

आता गालाबद्दल. डिमेन्शिया पुढे सरकला की गिळायचं विसरतात, घास गालात राहतो. एका आजोबांच्या गालात मला सकाळी नऊ वाजता आदल्या रात्रीचा भात सापडला होता. असा घास झोपेत श्वासनलिकेत उतरू शकतो. अस्वच्छ तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो, आणि या पेशंटना तो फार महागात पडतो. प्रत्येक जेवणानंतर टॉर्च घेऊन दोन्ही गाल बघा. गिळायला त्रास असेल तर चूळ भरायला लावू नका, ती पोटात किंवा छातीत जाते. पेस्ट अगदी थोडी घ्या, फेस कमी करा, ओल्या गॉजने पुसून घ्या. अंथरुणावरच्या पेशंटला कुशीवर घ्या, नाहीतर डोकं उंच करा. सपाट पाठीवर कधीच नको.

नैराश्याच्या, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेल्या किंवा झोपेच्या काही औषधांनी तोंड कोरडं पडतं. लाळ कमी झाली की दात भराभर किडतात. त्यात घरोघरी गोळी गुळात कुटून द्यायची पद्धत. आजींना गोड आवडतं म्हणून रात्री पेढासुद्धा. गोळी कुटून चालेल का हे डॉक्टरांना विचारा, आणि गुळाचं काय करायचं तेही विचारा. ओठांना व्हॅसलीन लावा, गिळता येत असेल तर दिवसभर घोट घोट पाणी द्या.

दात दुखतो हे डिमेन्शियाचा पेशंट तोंडाने सांगत नाही. आजी अचानक भाकरी बाजूला सारायला लागल्या, नुसता आमटी-भात, तोही गाल धरून. घरचे म्हणाले, आजार वाढला. डेंटिस्टनी बघितलं तर तुटक्या दाढेची कड जिभेला कापत होती. दहा मिनिटांत कड घासली, संध्याकाळी आजी भाकरी जेवल्या. मोठी कामं, म्हणजे रूट कॅनाल, दात काढणं, कवळी, पेशंट खुर्चीत बसून ऐकतो आहे तोवर उरकायला सांगा. खर्चाचा प्रश्न असेल तर धनकवडीचं भारती विद्यापीठ किंवा कॅम्पातलं रंगूनवाला, अशा डेंटल कॉलेजच्या ओपीडीत चौकशी करायला सांगा.

कवळीबाबत माझी दोन पापं. एकदा निर्जंतुक करायला म्हणून ती उकळत्या पाण्यात टाकली, वाकडी झाली, पुन्हा बसलीच नाही. नुकसान घरच्यांनी सोसलं, बोलणी मी खाल्ली. दुसऱ्यांदा कोथरूडच्या आजोबांनी कवळी पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून ताटात ठेवली, ती मी खरकट्याबरोबर ओल्या कचऱ्यात टाकली. कचरा घेणाऱ्या ताई जिन्यात होत्या म्हणून वाचले. तेव्हापासून जेवण झालं की आधी तोंडातली कवळी मोजते, मग ताट उचलते. रात्री ती काढून साध्या थंड पाण्यात, झाकणाच्या डबीत ठेवायची. डबीवर आजोबांचं नाव, आणि जमलं तर डेंटिस्टकडून कवळीवरही.

आणि रजिस्टरमध्ये टिक मारू नका, वाक्य लिहा. रात्रीच्या मावशीला टिकेतून काहीच कळत नाही. काल मी लिहिलं: 'सकाळी ९.४०. फक्त वरचे दात झाले, खालचे घासू दिले नाहीत. उजव्या गालात शेंगदाण्याचं कूट होतं, काढलं. डाव्या बाजूला ब्रश लागला की डोळे मिटतात. टॉर्च लावून बघा.'