चोरीचं कॉमिक पान ओळखायचं कसं, आणि आपलं चोरीला गेलं तर काय करायचं

अमेरिकेत कॉमिक छापायला जाण्याआधी पारंपरिक पद्धतीत त्याचं एकेक पान ब्रिस्टल बोर्ड या जाड कागदावर काढलं जातं, आधी पेन्सिलने, मग शाईने. अंकाच्या हजारो, कधी लाखो प्रती निघतात, पण हे मूळ पान बहुधा एकच असतं. जानेवारी २०२२ मध्ये ‘सीक्रेट वॉर्स’च्या आठव्या अंकातलं, माइक झेक यांनी काढलेलं काळ्या पोशाखातल्या स्पायडरमॅनचं एक पान डॅलसच्या हेरिटेज ऑक्शन्स या लिलावगृहात ३३ लाख ६० हजार डॉलरना गेलं. असे आकडे दिसू लागले की चोरही येतात. प्रदर्शनातल्या टेबलावरून, गाडीच्या डिकीतून, हॉटेलच्या खोलीतून, टपालातून आणि चित्रकाराच्या स्वतःच्या कपाटातूनही पानं गेलेली आहेत.

चोराची एक मोठी अडचण मात्र असते. सोनं वितळवून विकता येतं. पान बदललं तर त्याची किंमतच संपते. शिवाय त्या पानाची प्रतिमा छापील अंकात, घरोघरी पडलेली असते. म्हणून चोरीचं पान खपतं ते एकाच परिस्थितीत: घेणारा काही विचारत नाही तेव्हा. काय विचारायचं, ते पुढे पाहू.

आधी मालकीची साखळी लिहून काढा

विक्रेत्याला पहिला प्रश्न किमतीचा नको, “तुमच्याकडे हे कुणाकडून आलं?” हा हवा. दुसरा प्रश्न, त्या माणसाकडे कुणाकडून आलं? चित्रकारापर्यंत किंवा प्रकाशकापर्यंत जाईल तितकं मागे जा. प्रत्येक टप्प्याला नाव, अंदाजे वर्ष आणि पुरावा लिहा. पुरावा म्हणजे पावती, लिलावात पानाला मिळालेला (लॉट) क्रमांक, ईमेल किंवा जुन्या कॅटलॉगमधलं चित्र.

पान कोणत्या काळातलं आहे त्यावर उत्तर कसं असायला हवं ते ठरतं. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून मोठे अमेरिकन प्रकाशक पानं चित्रकारांना परत देऊ लागले. त्यानंतरच्या अंकाची पानं पेन्सिलर (पेन्सिलने काढणारा) आणि इंकर (शाई करणारा) यांच्यात वाटली जातात आणि जास्त वाटा बहुधा पेन्सिलरकडे जातो. म्हणजे १९९० च्या पानाची साखळी या दोघांपैकी एकापासून सुरू व्हायला हवी. बरेच चित्रकार एकाच ठरलेल्या एजंटमार्फत विकतात. त्या एजंटला स्कॅन पाठवून “हे तुम्ही विकलं होतं का?” असं विचारायला दोन मिनिटं लागतात, आणि बहुतेक लोक तेवढंही करत नाहीत.

त्याआधीच्या काळातली पानं म्हणजे खरी गुंतागुंत. तेव्हा प्रकाशक पानं स्वतःकडे ठेवत. काही कार्यालयांत ती कापून कचऱ्यात टाकली जात, काही पाहुण्यांना भेट दिली जात, काही गोदामातून नाहीशी होत. १९८० च्या दशकात मार्व्हलने चित्रकारांना पानं परत देण्यासाठी एका पानाच्या कागदावर सही मागितली. मार्व्हलच्या अनेक नायकांचे सहनिर्माते असलेले चित्रकार जॅक कर्बी यांच्यापुढे मात्र चार पानी करार ठेवला आणि सुरुवातीला फक्त ८८ पानं देऊ केली. मोठ्या वादानंतर १९८७ मध्ये त्यांना सुमारे दोन हजार पानं मिळाली. मार्व्हलसाठी त्यांनी काढलेली पानं त्याच्या कितीतरी पट होती. उरलेल्यांतली बरीच आज संग्राहकांच्या भिंतींवर आहेत.

तेव्हा १९६० च्या दशकातलं पान समोर आलं की त्याचे तीन संभव धरा: चित्रकाराला अधिकृतपणे परत मिळालेलं, त्या काळी भेट दिलेलं किंवा कचऱ्यातून वाचवलेलं, आणि गोदामातून गेलेलं. तिसऱ्या प्रकारचीही पानं बाजारात उघडपणे फिरतात. ती घ्यायची की नाही, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. आमच्या मते साखळीत चित्रकार कुठेच नसेल तर ते विक्रेत्याकडून लेखी घ्यावं आणि पुढे विकताना लपवू नये. खुद्द स्पायडरमॅनची पहिली कथा ज्यात आली, त्या ‘अमेझिंग फँटसी’च्या पंधराव्या अंकाची २४ मूळ पानं २००८ मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला देणगी मिळाली, आणि देणाऱ्याने नाव जाहीर केलं नाही.

मग पान हातात घेऊन पाहा

चोरीची शंका आणि नकलेची शंका एकाच तपासणीत मिटवता येते. आधी मोजपट्टी लावा. साधारण १९६७ पर्यंत चित्राची चौकट सुमारे साडेबारा बाय साडेअठरा इंचांची असे, त्यानंतर १० बाय १५ इंचांची, ११ बाय १७ इंचांच्या बोर्डवर. १९६३ चं म्हणून दाखवलेलं पान लहान आकाराचं असेल तर तिथेच थांबा.

छापील पानाच्या चांगल्या स्कॅनशी पान चौकटीचौकटीने जुळवा. लाइटबॉक्सवर (खालून दिवा असलेल्या काचेवर) उतरवलेल्या नकलेत मोठ्या रेषा जुळतात, पण रेषेची जाडी, सावलीच्या रेघोट्यांची संख्या, ब्रशचा शेवटचा फटकारा हे जुळत नाही. खऱ्या पानावर कामाचा कचरा असतो: निळ्या पेन्सिलीच्या खुणा, दुरुस्तीचा पांढरा रंग, चिकटवलेले संवादांचे फुगे, शीर्षकाच्या चिकटवलेल्या छायाप्रतीमागे रबर सिमेंट या गोंदाचे तपकिरी डाग, समासात अंकाचं नाव व पान क्रमांक. १९६० च्या दशकातल्या मार्व्हलच्या पानांवर समासात चित्रकाराने कथा समजावणाऱ्या पेन्सिलीच्या ओळी बऱ्याचदा असतात. अगदी स्वच्छ जुनं पान पाहून खूश होऊ नका.

अल्ट्राव्हायोलेट टॉर्च जवळ असू द्या. आधुनिक कागदात उजळपणासाठी घातलेली रसायनं त्या प्रकाशात निळसर पांढरी चमकतात. १९४० च्या दशकातलं म्हणून दाखवलेलं पान असं चमकलं, तर कागद त्या काळाचा नाही.

नव्या पानांत एक पेच असतो. आता अक्षरं संगणकावर टाकली जातात, त्यामुळे फुगे नसणं हा दोष नाही. पेन्सिलीच्या कामाचा स्कॅन फिक्या निळ्या रंगात छापून इंकर त्यावर शाई करतो, म्हणून एकाच पानाची दोन ‘मूळ’ पानं असू शकतात: पेन्सिलीचं आणि शाईचं. दोन्ही कायदेशीर आहेत. आपण कोणतं घेतोय, ते पावतीवर लिहून घ्या.

चोरीच्या दृष्टीने पाहायच्या जागा म्हणजे कडा आणि मागची बाजू. समास कापलेला, समर्पणाची ओळ खरवडलेली, मागचा शिक्का घासलेला असेल तर कारण विचारा. मागच्या बाजूचा फोटो द्यायला टाळाटाळ करणारा विक्रेता सोडून द्यावा. एकाच कथेची पानं एकेक करून, महिन्या-महिन्याच्या अंतराने, बाजारभावाच्या बऱ्याच खाली येत असतील तर तेही चांगलं लक्षण नाही.

नोंदी तपासा

लंडनची आर्ट लॉस रजिस्टर ही खासगी नोंदवही पैसे भरून शोधता येते. इंटरपोलचं आयडी-आर्ट हे अ‍ॅप २०२१ पासून फुकट आहे. एफबीआयचीही चोरीच्या कलावस्तूंची जाहीर यादी आहे. पण कॉमिकची पानं या मोठ्या याद्यांत कमीच सापडतात. त्यांच्यापेक्षा कॉमिक आर्ट फॅन्स या संकेतस्थळावर शोधणं जास्त उपयोगाचं, कारण तिथे संग्राहक आपापली पानं मांडतात. तेच पान दुसऱ्या कुणाच्या दालनात दिसलं तर त्या माणसाला विचारा: विकलंत का, केव्हा, कुणाला? हेरिटेज, कॉमिककनेक्ट आणि कॉमिकलिंक यांच्या लिलावांचे जुने निकालही बघा. शोध काही न देता संपला तरी त्याचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. आपण काळजी घेतली होती हे दाखवायला तो लागतो.

पैसे देताना

अमेरिकेत चोराकडून घेतलेल्या वस्तूवर प्रामाणिक खरेदीदाराचीही मालकी लागत नाही, मग ती मध्ये पाच हातांतून गेलेली का असेना. मूळ मालकाने पान मागितलं तर तुमचा दावा उरतो फक्त विक्रेत्यावर. विक्री करताना मालकीची हमी कायद्यानेच गृहीत असते, पण दावा करायची मुदत सर्वसाधारणपणे पान हाती आल्यापासून चार वर्षं. (इटलीत मात्र प्रामाणिक खरेदीदाराला मालकी मिळू शकते. म्हणून पान कोणकोणत्या देशांतून आलं तेही साखळीत लिहा.)

त्यामुळे पावतीवर विक्रेत्याचं पूर्ण नाव, पत्ता, अंक व पान क्रमांक, दोन्ही बाजूंचे फोटो आणि “विक्रेता या पानाचा निर्वेध मालक आहे; मालकीवर दावा आल्यास पूर्ण रक्कम परत देईल” असं एक वाक्य हवं. पेपॅलवर पैसे पाठवताना ‘मित्र व कुटुंब’ हा पर्याय निवडू नका, त्यात खरेदीदाराला संरक्षण नाही. शुल्क वाचवण्यासाठी विक्रेता त्याचा हट्ट धरत असेल तर शुल्क तुम्ही भरा.

आपल्या पानांची नोंद

ज्याच्याकडे फक्त “माझ्याकडे कर्बीचं एक पान होतं” एवढीच माहिती असते, त्याला पोलीसही फारशी मदत करू शकत नाहीत. प्रत्येक पान ६०० डीपीआयने स्कॅन करा, पुढून आणि मागून. ए३ स्कॅनर इथे थोडक्यात कमी पडतो: त्याची लांबी साडेसोळा इंच आणि बोर्ड सतरा इंचांचा. नेमका तो राहिलेला अर्धा इंच म्हणजे समास, जिथे ओळख पटवणाऱ्या खुणा असतात. दोन भागांत स्कॅन करून जोडा, आणि जोडण्याआधीच्या फाइल्सही ठेवा. जुनी मोठी पानंही अशीच भागाभागांनी करावी लागतात.

त्यानंतर दिवा बाजूने, कागदाला जवळजवळ समांतर धरून एक फोटो काढा. दुमडलेला कोपरा, टाचणीची भोकं, खोडरबरच्या खुणा, बोटाचा ठसा असं सगळं त्यात उठून दिसतं. शाईचा एखादा उडालेला शिंतोडा जवळून टिपा. नक्कल करणारा तो उतरवत नाही आणि चोर तो पुसू शकत नाही. फाइल्सची एक प्रत घराबाहेर ठेवा.

अल्ट्राव्हायोलेट पेनाने मागे गुप्त सही करायचा सल्ला मिळतो. आम्ही तो देणार नाही. ती शाई कागदात काय करेल याचा भरवसा नाही, आणि चांगला स्कॅन तेच काम बिनधोक करतो.

विम्याचं वेगळं बघा. घराच्या साध्या पॉलिसीत संग्रहाच्या वस्तूंसाठी मर्यादा फार कमी असतात. संग्राहकांसाठीची स्वतंत्र पॉलिसी घेताना प्रवासात आणि प्रदर्शनातही संरक्षण आहे का, ते वाचा.

प्रवास आणि टपाल

प्रदर्शनात दाखवण्याच्या फोल्डरमध्ये रंगीत प्रती ठेवा आणि मूळ पान मागितल्यावरच काढा. फोल्डर टेबलाखाली, दोन्ही पायांच्या मध्ये. जेवायला जाताना तो बरोबर न्यायचा. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला “जरा बघ” म्हणून जायचं नाही.

टपालासाठी पान पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत घालून ती पिशवी एका पुठ्ठ्याला चारही बाजूंनी चिकटवा, म्हणजे पान सरकत नाही. वर-खाली पन्हळी पुठ्ठ्याचे दोन-दोन थर लावा, एकाच्या पन्हळी उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या. बाहेर ‘कॉमिक’, ‘आर्ट’ असे शब्द नकोत. अमेरिकेच्या टपाल खात्याच्या रजिस्टर्ड मेलचा विमा ५० हजार डॉलरपर्यंत होतो आणि पाकीट प्रत्येक हातात सहीने जातं. सेवा हळू आहे, पण महागड्या पानासाठी तीच बरी. फेडेक्सवर कितीही किंमत लिहिली तरी कलाकृतीची भरपाई एक हजार डॉलरपुरतीच मर्यादित आहे. हे बऱ्याच जणांना पाकीट हरवल्यावर कळतं.

चोरी झालीच तर

पहिल्या दिवशीच, चोरी झाली त्या ठिकाणच्या पोलिसांत तक्रार द्या आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. एफबीआयच्या यादीत नोंद व्हायला विनंती पोलिसांकडूनच जावी लागते, तुम्ही थेट करू शकत नाही. विनंतीसोबत वर्णन, फोटो आणि पोलीस अहवाल लागतो. चोरीचा माल पाच हजार डॉलर किंवा त्याहून अधिक किमतीचा असेल आणि राज्याची सीमा ओलांडली असेल, तर प्रकरण केंद्रीय गुन्ह्याचं होतं. हे तक्रारीतच लिहा.

नंतर लिलावगृहं, मोठे डीलर, चित्रकाराचा एजंट आणि संग्राहकांची संकेतस्थळं यांना पानाची पुढची बाजू पाठवा. मागची बाजू कुणालाच दाखवू नका. पान आपल्याकडे असल्याचा फोन आला की मागे काय आहे ते विचारायचं. थापाड्याला उत्तर देता येत नाही.

गाजावाजा करायला लाजू नका. न्यूयॉर्कमध्ये मालकाने पान मागितलं आणि ताबेदाराने नकार दिला, तेव्हापासून दाव्याची मुदत सुरू होते. १९९१ च्या गुगेनहाइम संग्रहालयाच्या खटल्यात तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने हेच कायम केलं. पण मालक गप्प बसला होता, असा आक्षेप समोरचा घेऊ शकतो. कॅलिफोर्नियात चोरीच्या वस्तूचा ठावठिकाणा कळण्यावर मुदत अवलंबून असते. दोन्हीकडे तारखेसह केलेली जाहीर नोंद तुमच्या बाजूने उभी राहते.

पान कुठे विक्रीला दिसलं, तर विक्रेत्याला संदेश पाठवायचा मोह आवरा. तो जाहिरात काढून टाकेल आणि पान आणखी वर्षानुवर्षं दडेल. आधी पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट, पत्ता आणि तारीख जपा, मग पोलिसांना कळवा. लिलावात असेल तर लिलावगृहाच्या कायदा विभागाला तक्रारीच्या क्रमांकासह लिहा.

विम्याचे पैसे घेतले असतील तर सापडलेलं पान बहुधा विमा कंपनीचं होतं. पैसे परत करून ते घेण्याचा हक्क पॉलिसीत आहे का, हे भरपाईच्या कागदावर सही करण्याआधी बघा, कारण दहा वर्षांनी पान सापडतं तेव्हा त्याची किंमत भरपाईच्या कितीतरी पुढे गेलेली असते. आणि पान ताब्यात घेताना पोचपावतीवर सही करण्यापूर्वी जुन्या स्कॅनशी ताडून बघा, पाठीमागूनही. नवा डाग, कापलेली कड, खरवडलेला शिक्का जे दिसेल ते पावतीवरच लिहा, आणि फोटो तिथेच काढा.