ऑक्सॅलिप्लॅटिनच्या दिवसाची तयारी: आधी हातमोजे

ऑक्सॅलिप्लॅटिन म्हणजे कॅन्सरवर सलाईनमधून देतात ते केमोचं औषध. त्या दिवशी फाइल, रक्ताचे रिपोर्ट, ओळखपत्र सगळेच घेतात, त्यावर वेळ घालवत नाही. हातमोजे घ्या. मागच्या वेळी आमचे तेवढेच राहिले आणि घरी परतताना गाडीच्या दाराच्या गार कडीला हात लागताच रुग्णाच्या बोटांतून झटका गेल्यासारखी कळ आली. हे औषध नसांना चेतवतं आणि गारव्याने तो त्रास उसळतो. सलाईन चालू असतानाही होतो, पुढे काही दिवस टिकतो. म्हणून आदल्या रात्रीच हातमोजे, पायमोजे आणि नाकातोंडाला गुंडाळायला स्कार्फ पिशवीत सगळ्यांत वर ठेवा. तळाशी नको, वर. वॉर्डात एसी असतो, तिथेही लागतात.

थर्मासमध्ये कोमट पाणी भरून न्या. गार घोट घेतला तर घसा आवळल्यासारखा होतो, श्वासच घेता येत नाही असं वाटतं. गारव्याने झालेलं असेल तर ऊब मिळाल्यावर ते सहसा ओसरतं. पण सलाईन चालू असताना खाज, पुरळ, चेहऱ्यावर सूज, छातीत जड वाटणं किंवा दम लागणं, यातलं काहीही झालं तर ताबडतोब नर्सला हाक मारा. गारव्याने झालंय की ॲलर्जी आहे, हे तुम्ही ठरवू नका. ही ॲलर्जी पहिल्या सायकललाच (म्हणजे ठरावीक दिवसांनी औषध देण्याच्या पहिल्या फेरीलाच) येते असं नाही, पाच-सहा सायकल सुरळीत गेल्यावरही येते. सुईच्या जागी आग झाली किंवा सूज आली तरी लगेच सांगा. नर्स कामात आहे म्हणून थांबू नका.

शेजारच्या खाटेवर कुणी बर्फ चघळत असेल. काही केमोंमध्ये तोंड येऊ नये म्हणून देतात. ऑक्सॅलिप्लॅटिन चालू असताना तो आपल्यासाठी नाही, कुणी प्रेमाने पुढे केला तरी नाही.

हातमोज्यांचा दुसरा जोड घरी फ्रिजपाशी ठेवा. खरं तर त्या दिवसांत फ्रिज दुसऱ्या कुणीतरी उघडावा. नळाच्या गार पाण्याखाली हात नको, भांडी तर नकोतच.

थर्मामीटर घरात हवा आणि चालू हवा. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला तर त्याच वेळी फोन करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. सकाळपर्यंत थांबणं धोक्याचं आहे. न विचारता तापाची गोळी घेऊ नका, ताप दबतो आणि वेळ जातो. रात्री चालणारा नंबर कागदावर लिहून भिंतीला लावा.

बोटांच्या मुंग्यांची नोंद ठेवा. शर्टाचं बटण लावता येतं का? चप्पल पायातून निसटलेली कळते का? पुढच्या सायकलपर्यंत बधिरपणा गेला नसेल तर सलाईन लावण्याआधी डॉक्टरांना सांगा. उपचार थांबतील या भीतीने बरेच जण हे लपवतात. लपवू नका! हा बधिरपणा डोसागणिक साचत जातो आणि औषध बंद झाल्यावरही काही महिने वाढू शकतो. वेळेत कळलं तर डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा हे एक औषध थांबवून बाकीची चालू ठेवतात.

मळमळीच्या गोळ्या सांगितलेल्या वेळी, उलटीची वाट न बघता. जुलाबासाठी ओआरएस, थांबत नसतील तर फोन. केस बहुधा विरळ होतात, पूर्ण जात नाहीत. सोबत ४६ तासांचा पंप (घरी हळूहळू औषध सोडत राहणारा) दिला असेल तर तो काढायची वेळ लिहून घ्या, आणि काढायला जातानाही हातमोजे.