जुना कॉम्प्युटर, लिनक्स आणि अडकणारा व्हिडिओ : या चुका टाळा

रविवारी मॅच असली की शनिवारी संध्याकाळपासून माझ्या जळगावच्या दुकानात जुने डबे यायला लागतात. कुणी लिलावात ऑफिसचा आय-थ्री उचललेला, कुणी पोराचा कॉलेजातला लॅपटॉप माळ्यावरून काढलेला. विंडोज रडत होती म्हणून भाच्याने तिच्या जागी लिनक्स टाकून दिलेलं असतं. तक्रार एकच : "भाऊ, बाकी सगळं चालस, व्हिडिओ अडकस." आणि लगेच निदानही सोबतच, "नेट स्लो असेल."

बहुतेक वेळा नेट स्लो नसतं. प्लॅन वाढवून आलेले लोक मी पाहिलेत. पैसे गेले, व्हिडिओ तिथेच.

प्लॅन वाढवण्याआधी यूट्यूबच्या चालू व्हिडिओवर उजवी क्लिक करा आणि 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. बफर, म्हणजे आधीच उतरवून ठेवलेला पुढचा व्हिडिओ, भरलेलं आहे आणि तरी ड्रॉप झालेल्या, म्हणजे न दाखवताच सोडलेल्या, फ्रेम्सचा आकडा पळतोय, तर नेट निर्दोष आहे, प्रोसेसर धापा टाकतोय. मग कोडेकची, म्हणजे व्हिडिओ कुठल्या फॉरमॅटमध्ये येतोय त्याची, ओळ बघा. तिथे व्हीपी०९ किंवा एव्ही०१ (म्हणजे व्हीपी९ किंवा एव्ही१) असेल तर दुखणं सापडलं. यूट्यूब ब्राउझरला शक्यतो या नव्या फॉरमॅटमध्येच व्हिडिओ देतं. २०११ सालच्या दुसऱ्या पिढीच्या इंटेल चिपमध्ये एच.२६४ हा जुना फॉरमॅट उलगडायची वेगळी सोय आहे, पण व्हीपी९ ची नाही. ती इंटेलमध्ये नीट आली सातव्या पिढीत, आणि एव्ही१ ची अकराव्या पिढीत. म्हणजे जे काम चिपच्या एका कोपऱ्याने सहज केलं असतं ते सगळं प्रोसेसरच्या डोक्यावर.

यावर माझा उपाय ठरलेला आहे. ब्राउझरमध्ये 'एनहान्स्ड-एच२६४इफाय' नावाचं एक्स्टेंशन टाकतो, व्हीपी९, एव्ही१ आणि ६० फ्रेम्सचे व्हिडिओ बंद करतो आणि दर्जा ७२०पी वर ठेवतो. एच.२६४ मध्ये यूट्यूब १०८०पी च्या वर देत नाही, अशी कुरकुर एकाने केली. त्याच्या मॉनिटरचं रिझोल्यूशन १३६६ बाय ७६८ होतं. त्याला ४के कुठे दाखवणार होता, भिंतीवर?

इथेच दुसरी चूक होते. कुठल्यातरी व्हिडिओतून पाहून इंटेलचा नवा आयएचडी ड्रायव्हर, म्हणजे चिपकडून व्हिडिओ उलगडून घेणारं सॉफ्टवेअर, टाकायचा. तो पाचव्या पिढीपासून पुढच्या चिपसाठी आहे. त्याआधीच्यांना जुना आय९६५ लागतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, 'व्हीएइन्फो' चालवलं की कुठला ड्रायव्हर लागलाय आणि तो काय काय उलगडू शकतो, हे दिसतं. पण वाचतो कोण? कमांड चिकटवायची, एंटर मारायचा, आणि बिघडलं की माझ्याकडे यायचं.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. मे महिना होता. धरणगावकडच्या एका जिनिंगमधले हिशेबनीस डबा घेऊन आले, त्यांना सगळे नाना म्हणतात. दहा मिनिटं व्हिडिओ चालायचा आणि मग स्लो मोशन. नानांच्या पुतण्याने तोवर तीनदा लिनक्स बदललं होतं : मिंट, मग लुबुंटू, मग एमएक्स. मी संध्याकाळी कूलरसमोर बसून तपासला. तासभर लोण्यासारखा चालला. तरी काहीतरी केलं पाहिजे म्हणून मीही ड्रायव्हर पुन्हा टाकला आणि पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन : "दख भाऊ, परत तेच."

मग दुपारी दोनला घेऊन या म्हटलं, आणि कूलर बंद ठेवला. बाहेर ऊन काय असतं ते जळगाव-भुसावळवाल्यांना सांगायला नको. तापमान दाखवणारी 'सेन्सर्स' कमांड लावून बसलो. ७०, ८०, ९० आणि ९६ ला पोचला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवायचा. मागून चित्र अडखळायचं. कॅबिनेट उघडलं तर पंखा आणि प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकच्या मधे कापसाची चक्क गोधडी! हंगामभर जिनिंगमध्ये उडालेला सगळा तंतू पंख्याने आत ओढून थापून ठेवला होता. दिवाळीभराच्या वाती झाल्या असत्या. खालची, प्रोसेसरची उष्णता हीटसिंकला पोचवणारी थर्मल पेस्ट खडूसारखी वाळलेली. ब्रश, नवी पेस्ट, अर्ध्या तासाचं काम. नंतर आकडा पासष्टच्या आसपास थांबला. तीन लिनक्स आणि माझा एक ड्रायव्हर, सगळं फुकट गेलं.

तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे : आधी स्क्रू ड्रायव्हर, मग टर्मिनल. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने मारू नका, त्यातून पाणी येतं. लॅपटॉप गादीवर ठेवून मॅच बघणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. पैसे भरून घेतलेली सेवा ब्राउझरमध्ये उघडते पण चित्र काळं : फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये डीआरएम, म्हणजे नक्कल होऊ नये म्हणून कुलूप लावलेला, मजकूर चालवायची परवानगी द्या. क्रोमियममध्ये बहुतेकदा हे कुलूप उघडणारं वाइडवाइन नसतंच, क्रोममध्ये असतं. लिनक्सवर वाइडवाइन सॉफ्टवेअर पातळीवरचं असल्याने काही सेवा पूर्ण दर्जा देत नाहीत, त्यावर डोकं आपटू नका. ६४ बिटचा प्रोसेसर असताना ३२ बिटचं लिनक्स 'हलकं असतं' म्हणून टाकू नका. लिनक्सवरच्या ३२ बिट क्रोमचा सपोर्ट २०१६ मध्येच संपला. फ्लॅश शोधत बसू नका, ते २०२० च्या शेवटी गेलं. दोन जीबी रॅमवर बावीस टॅब उघडणाऱ्याला मी काय सांगू.

कोअर टू ड्युओसारख्या फारच थकलेल्या मशीनवर ब्राउझरचा नादच सोडतो. एमपीव्ही प्लेअर आणि सोबत त्याला यूट्यूबचा व्हिडिओ आणून देणारं वायटी-डीएलपी, ४८०पी वर. पण वायटी-डीएलपी डिस्ट्रोच्या, म्हणजे मिंट-लुबुंटूसारख्या त्या त्या लिनक्सच्या, भांडारातून घेऊ नका. तिथली आवृत्ती जुनी असते आणि यूट्यूबने काही बदललं की बंद पडते. ते वेगळं उतरवा आणि अपडेट करत राहा.

चोपड्याला आमच्या आबांकडे असाच संच आहे, कीर्तनं ऐकायला. परवा फोन आला, काहीच उघडेना, सगळीकडे 'कनेक्शन सुरक्षित नाही'. विचारलं, आबा, खाली कोपऱ्यात तारीख काय दिसते? म्हणाले, १ जानेवारी २००९. लोडशेडिंग झालं की घड्याळ मागे जायचं, कारण मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला होता, आणि चुकीच्या तारखेला कुठल्याच साइटचं सर्टिफिकेट, म्हणजे ती खरी असल्याचा दाखला, ब्राउझरला पटत नाही. शेजारच्या पोराने तोवर लिनक्स पुन्हा टाकायला पेन ड्राइव्ह तयार करून ठेवला होता. त्याला म्हटलं, ठेव बाजूला, आधी घड्याळाच्या दुकानातून सेल घेऊन ये.