जुनी सायकल दिसली की उचलायची का? आधी पाना आणि सुतळी काढा

दर आठवड्याला कोणीतरी फोटो पाठवतं. गोठ्याच्या भिंतीला टेकवलेली काळी सायकल, सीटवर कोंबडी बसलेली, टायर जमिनीला चिकटलेले, आणि खाली लिहिलेलं असतं, "दादा आठशेला देतायत, घेऊ का, नीट करून विकली तर किती सुटतील?" आता फोटोवरून काय डोंबल सांगणार. पण निम्म्या लोकांना मी नकोच म्हणतो आणि का म्हणतो ते प्रत्येकाला वेगळं सांगायचा कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मी पुण्यात राहतो, नोकरी वेगळीच आहे, रविवारी हा उद्योग करतो. आठ-नऊ वर्षांत बऱ्याच सायकली हाताखालून गेल्या, काहींनी पैसे दिले आणि काहींनी नुसती अक्कल दिली.

सगळ्यात आधी हिशोब, आणि तोही उलटा. म्हणजे सायकल कितीला मिळतेय हे नाही, ती शेवटी कितीला जाईल ते आधी धरायचं आणि त्यातून एकेक खर्च वजा करत खाली यायचं, उरेल तो आकडा म्हणजे तुम्ही जास्तीत जास्त द्यायची रक्कम. साधी काळी २८ इंची सायकल वजनाला साधारण वीस किलो भरते, त्यामुळे लोखंडाच्या भंगारभावाने तिला पाचसहाशे कुठेही मिळतात, तो झाला तळ. आणि वरची मर्यादा म्हणजे दुकानातल्या कोऱ्या सायकलची किंमत, कारण रोज वापरायला घेणारा माणूस जुन्या सायकलला नव्याइतके पैसे कशाला देईल. या दोन आकड्यांच्या मधे जी जागा आहे त्यातच टायर, ट्यूब, मजुरी, टेम्पो आणि तुमचा नफा सगळं बसवायचंय. जागा फार नाहीये बरं का.

मागच्या वर्षीचा माझा एका ॲटलासचा हिशोब देतो, भाव तुमच्या गावात थोडे इकडेतिकडे होतील. सायकल ९००, टेम्पोवाल्याला २००, दोन टायर ६००, दोन ट्यूब २६०, चेन १८०, फ्रीव्हील (मागच्या चाकावरचं दातेरी चाक) १६०, बीबीचा (पायडलच्या दांड्या फिरतात त्या फ्रेमच्या खालच्या सांध्याचा) एक्सल आणि कप १७०, पायडल १८०, ब्रेकचे रबर ६०, आणि ओव्हरऑईल म्हणजे सगळं खोलून साफ करून तेलपाणी करायला आमच्या मिस्त्रीने घेतले ५००. झाले ३२१०. विकली ३८०० ला. दोन रविवार घालवून सुटले किती, तर ५९०. आणि यात मी पावडर कोटिंग केलेलं नव्हतं, ते केलं असतं तर अजून अठराशे लागले असते, म्हणजे ५०१० ची सायकल झाली असती आणि तेवढ्यात अजून थोडे घातले की माणूस कोरी घेऊन जातो. त्यामुळे "मस्त रंग मारून विकू" हा विचार ज्यांच्या डोक्यात पहिला येतो त्यांनी तो तिथेच सोडावा.

आता सायकलजवळ जाऊ. जाताना पाना, टॉर्च, एक छोटं चुंबक, मोठा खिळा आणि तीनेक मीटर सुतळी न्यायची. हसू नका, सुतळीने माझे सगळ्यात जास्त पैसे वाचवलेत.

टायर, सीट, चेन यांच्याकडे बघूच नका, ते सगळं बाजारात मिळतं. बघायची ती फ्रेम. हँडलच्या खाली जिथे वरची नळी आणि खालची तिरकी नळी हेडला, म्हणजे हँडल बसतं त्या पुढच्या आखूड नळीला, येऊन मिळतात, तिथे मागच्या बाजूने, नळ्यांच्या खालच्या अंगाला बोट फिरवा. सायकल कधी समोरून जोरात आदळली असेल तर तिथे पत्र्याला सुरकुती पडते किंवा रंगाला आडव्या भेगा जातात. डोळ्याला पटकन दिसत नाही पण बोटाला लागते. अशी सायकल फुकट मिळाली तरी घेऊ नका, निदान विकायला तरी नाही, कारण उद्या उतारावर कोणीतरी तोंडावर पडेल.

मी एकदा यातच फसलोय. हिरवा ऑईलपेंट मारलेली एक सायकल, चकाचक, मालक म्हणाला आत्ताच रंग दिलाय मुलासाठी. मी खूश होऊन सतराशे मोजले. घरी आणून हेडचे कप काढायला ठोकायला लागलो तर खालच्या नळीवरून खपलीसारखा एक तुकडा उडाला, बघतो तर आत पुट्टी आणि पुट्टीच्या आत बोटाच्या पेराएवढी चीर! तेव्हापासून चुंबक नेतो. पुट्टी जाड भरलेली असेल तिथे चुंबक नीट धरत नाही, बाजूच्या नळीवर खटकन बसतं आणि तिथे मात्र घसरतं. आणि ताजा रंग दिसला की कौतुक करायच्या ऐवजी संशय घ्यायचा.

मग सुतळी. मागच्या चाकाचा एक्सल जिथे बसतो त्या पट्टीला एका बाजूला सुतळी बांधा, तिथून पुढे हेडच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूने परत मागे दुसऱ्या पट्टीला ताणून धरा. आता सीटखालची उभी नळी आणि सुतळी यात अंतर किती ते दोन्ही बाजूंना मोजा. सारखं आलं तर फ्रेम सरळ आहे. दोनतीन मिलिमीटरचा फरक या सायकलींना चालतो, पण एका बाजूला बोटभर आणि दुसऱ्या बाजूला अर्धं बोट असेल तर फ्रेम पिळली गेलीये, ती चालवताना कायम एका बाजूला ओढणार आणि गिऱ्हाईक पहिल्याच फेरीत परत आणणार. चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फाटा, मात्र वाकलेला असला तर घाबरायचं कारण नाही, नवा मिळतो, फक्त तो खर्चात धरा.

गंज दोन प्रकारचा असतो. वरचा तांबूस, तो केरोसीन आणि घासणीने जातो, फोटोत भयंकर दिसतो आणि त्याच्यामुळेच भाव पाडता येतो. दुसरा आतून खाणारा. पाणी नळ्यांतून उतरून बीबीपाशी साठतं, त्यामुळे सायकल आडवी करून बीबीच्या खालच्या बाजूला आणि तिथून मागे जाणाऱ्या दोन नळ्यांना खिळ्याने टोचून बघा. कडक लागलं तर ठीक, खवले सुटून खिळा रुतला तर राम म्हणा. कोकणातून आलेल्या सायकलींना हे जरा जास्तच बारकाईने करा, रत्नागिरी मालवणकडच्या खाऱ्या हवेत राहिलेली सायकल वरून बरी दिसून आतून पोखरलेली निघू शकते.

यानंतरची गोष्ट लोक नेमकी विसरतात. सीटची नळी आणि हँडल हलतंय का ते तिथेच बघा. सीटचा नट सैल करून सीट डावीउजवीकडे फिरली पाहिजे. हँडलचा वरचा बोल्ट चारपाच आटे सैल करून त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून एक टोला द्या, आतली पाचर सुटते आणि हँडल मोकळं होतं. वीस वर्षं न हललेली सीटची नळी फ्रेममधे अशी धरते की तेल घालून आठवडाभर ठेवा, गरम करा, काही करा, ढिम्म. तुमच्यासमोर नाही हलली तर किमतीतून निदान तीनशे कमी करा, नाहीतर सरळ नमस्कार करून निघा.

क्रँकचा, म्हणजे पायडलच्या दांड्यांचा, खडखडाट बघायची पद्धत सोपी आहे. दोन्ही क्रँक हाताने धरून एकमेकांविरुद्ध हलवा. एकच क्रँक हलला आणि दुसरा स्थिर राहिला तर कॉटर, म्हणजे क्रँक एक्सलला घट्ट धरणारी खीळ, गेलीये, वीसपंचवीस रुपयांचं काम. दोन्ही मिळून डावीउजवीकडे डगडगले तर बीबीचे कप किंवा छर्रे गेलेत, तेही परवडतं. पण कॉटर काढताना नट पूर्ण काढून वरून हातोडा घालू नका, नट आट्यांच्या टोकाशी समपातळीत ठेवा, खाली क्रँकला पाईपच्या तुकड्याचा आधार द्या आणि मग एकच सणसणीत टोला, हळूहळू दहा टोले मारले की कॉटर वाकते आणि मग ड्रिल मारत बसा.

चाकं गरगर फिरवून बघा. आऊट असेल, म्हणजे डुलत फिरत असेल, तर मिस्त्री तारा आवळून काढतो, त्याचं काही नाही. पण रिमला पिचका असेल किंवा निपलच्या (रिमवर तार आवळायच्या नटाच्या) भोवती गंजून भोकं मोठी झाली असतील तर रिम बदलायची वेळ येते. या सायकलींना मागे ४० तारा आणि पुढे ३२ असतात, म्हणजे मागची रिम बदलायची तर चाळीस तारा परत विणायच्या, मजुरी वेगळी. सळईच्या ब्रेकवाल्या सायकलीत रबर रिमच्या आतल्या अंगाला, हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) बाजूला घासतं, तेव्हा तिथे खडबडीत गंज असेल तर नवे रबर महिन्यात संपणार हेही धरा. चेन मोजायची तर पट्टी लावा, १२ इंचात बरोबर २४ कड्या बसल्या पाहिजेत, ताणून सव्वाबारापर्यंत गेली असेल तर चेनबरोबर फ्रीव्हीलही खराब झालेलं असतं.

आता नावाचा मोह. ॲटलास, हिरो, ॲव्हॉन, हर्क्युलस या देशी काळ्या सायकली म्हणजे चालवायचा माल. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमक्या जागतिक सायकल दिनाला बंद झाला, तेव्हापासून काही लोक ॲटलास दिसली की "अँटिक आहे" म्हणून पाच हजार सांगतात. अहो लाखोंनी बनलेली सायकल आहे ती, गावात अजून दूधवाल्याकडे चार मिळतील.

वेगळा विचार करायचा तो इंग्लंडच्या मालाचा. बीएसएच्या चेनव्हीलवर (पायडलजवळच्या मोठ्या दातेरी चाकावर) तीन बंदुका, रॅलेच्या चेनव्हीलवर बगळ्याचं डोकं, हंबरचा पुढचा चिमटा दुहेरी नळ्यांचा. असं काही दिसलं तर घाई न करता बारकाईने बघा, कारण हेडवरचा बिल्ला दोन रिव्हेट काढून कुठल्याही सायकलला लावता येतो, आणि रॅले तर आसनसोललाही बनत होती. मागच्या हबवर स्टर्मी-आर्चर एडब्ल्यू असं कोरलेलं असेल तर तो तीन गिअरचा हब, आणि बहुतेक वेळा शेजारी साल आणि महिन्याचे आकडे मारलेले असतात, म्हणजे सायकलचं नाही तरी हबचं वय कळतं. नॉटिंगहॅमच्या रॅलेच्या बीबीला इंचात २६ आटे असतात आणि बाजारातल्या नेहमीच्या कपांना २४, त्यामुळे जुने कप गेले असतील तर नवे बसत नाहीत आणि मिस्त्री जबरदस्तीने बसवायला गेला तर फ्रेमचेच आटे जातात. अशा सायकलीचे भाव मी सांगणार नाही, दोन गिऱ्हाइकांत दुपटीचा फरक पडतो. नजर तयार करायची असेल तर कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे तिथे एक सकाळ घालवा, खरा चिमटा आणि खरा ब्रेक कसा दिसतो ते कळेल.

अशा सायकलला रंग मात्र अजिबात मारायचा नाही. मूळ सोनेरी रेघा, झिजलेली अक्षरं, सीटखाली अडकलेला नगरपालिकेचा सायकलकराचा बिल्ला, हे सगळं जसंच्या तसं हवं असतं लोकांना. नुसतं केरोसीनने पुसा, वर पातळ तेलाचा हात द्या.

आणि ती गिअरवाली, जाड नळ्यांची, पुढे स्प्रिंग असलेली स्वस्तातली सायकल, सोसायटीच्या पार्किंगमधे धूळ खात पडलेली? नको. शिफ्टर, डिरेलर, केबल, कॅसेट, सगळं एकदम गेलेलं असतं, आणि विकताना समोरचा नव्याच्या ऑनलाईन सेलचा भाव दाखवतो.

विकायचं कोणाला हेही आधीच ठरवा. वॉचमन, दूधवाला, कॉलेजचं पोरगं यांना ब्रेक आणि कॅरिअर मजबूत पाहिजे, दिसणं दुय्यम. कॅफेवाले आणि प्रीवेडिंग शूटवाल्यांना दिसणंच पाहिजे, पुढे बास्केट अडकवली की झालं, ते जास्त पैसे देतात पण वर्षातून दोनचारच भेटतात. त्यांच्या भरवशावर दहा सायकली गोळा करून बाल्कनी भरू नका, बायको काय म्हणते ते मी इथे लिहू शकत नाही.

घेताना एक साधा कागद करा, कोणाकडून, किती तारखेला, कितीला, आणि फ्रेमचा नंबर, जो सीटच्या नटाजवळ किंवा बीबीच्या खाली कोरलेला सापडतो. तिथे नंबर घासून काढल्यासारखा दिसला तर भाव विचारायलासुद्धा थांबू नका.